मागून वाचणारे सर

आमच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे सर कुठलीही गोष्ट मागून वाचायचे. विद्यार्थ्यानं महिनोन्महिने खपून केलेला प्रकल्प त्यांच्या हातात ठेवला, की मुखपृष्ठाकडे, 'माझ्या परमपूज्य आईवडिलांस' वगैरे मजकुराकडे ढुंकूनही न बघता ते सरळ शेवटची पानं उघडायचे. तिथं संदर्भसूची असायची. पहिल्या नावावर बोट ठेवायचं, चष्म्यावरून बघायचं आणि विचारायचं, "हे भेटले का तुम्हाला?"

नवीन पोरं गोंधळून जायची. एकदा एकानं धीर करून सांगितलं, "सर, ते वारलेत बहुतेक."

"वारले असतील तर त्यांना शांती लाभो. पुस्तकात भेटले का?"

मग उलटतपासणी सुरू. पुस्तक केवढं होतं? कुठल्या लायब्ररीत? पुठ्ठ्याचा रंग कोणता? हातात घेतल्यावर जड लागलं का? बरीच पोरं दुसऱ्या प्रश्नालाच गार पडायची. एका मुलीनं मात्र सांगितलं, "सर, पुठ्ठा नव्हताच. पहिली काही पानं वाळवीनं खाल्ली होती, आणि मधे कोणाचं तरी जुनं तिकीट होतं." सर इतके खूश झाले, की स्टाफरूमभर सांगत फिरले, "हिला ते नक्की भेटलेत हो! वाळवीसकट भेटलेत!" प्रकल्प बेताचाच होता, पण गुण तिला सगळ्यांत जास्त मिळाले.

पोरांनी त्यांचं नाव 'भेटले का सर' पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शहापूरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले आणि माझ्या नशिबी त्यांच्या शेजारची खुर्ची आली. पहिल्या वर्षी मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी वर्गात एखादं वाक्य सांगून आले, की हे डबा खाता खाता विचारणार, "बाई, ते तुम्ही कुठं वाचलंत?" मी ठसक्यात पुस्तकाचं नाव सांगायची. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक टेबलावर. "यात नाही बाई. पुन्हा बघा." बरं, आवाजात जिंकल्याचा सूर अजिबात नाही. हरवलेली वस्तू शोधायला मदत करणाऱ्या माणसाचा सूर. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

हा रोग पुस्तकापुरता असता तर चाललं असतं. लग्नपत्रिका आली, की सर तीही खालून वाचायचे. खाली चिमुकल्या अक्षरात 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली पिंकी, बंटी, सोनू अशी नावं असतात ना, ती. मांडवात गेल्यावर नवरानवरीकडे जायच्या आधी हे पिंकीला शोधून काढणार. "तू मला बोलावलंस ना? मी आलोय." पिंकी रडायला लागायची. तिची आई धावत यायची. एका लग्नात बंटी नावाचं मूल सापडेचना. शेवटी कळलं, की बंटी अजून जन्मलाच नव्हता, घरच्यांनी हौसेनं नाव आधीच छापलं होतं. त्या दिवशी सर जेवले, पण मनापासून जेवले नाहीत.

एसटीच्या पाटीवर त्यांचा विश्वास नव्हता. 'शहापूर–मुरबाड, किन्हवलीमार्गे' असं लिहिलेलं असलं तरी दारात उभं राहून विचारणार, "खरंच किन्हवलीवरून जाते का?" कंडक्टर ओळखीचा. तो हात जोडून म्हणायचा, "जाते हो सर. कालपन गेली व्हती. बसा आता, मागं मानसं खोळंबलीत."

ते आटगावला स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा वहिनींना विचारलं, "तुम्ही कसं हो सहन करता?" वहिनी पोहे परतता परतता म्हणाल्या, "अगो, माझ्या स्थळाच्या टिपणात मामाकुळं लिहिलं होतं, तर हे होकार द्यायच्या आधी माझ्या तिन्ही मामांना भेटून आले. मला बघायला यायच्या आधी! धाकटे मामा घाबरून घर सोडून पळाले, त्यांना वाटलं पोलीसपाटलाकडचा माणूस आहे." सर शेजारीच बसले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "धाकटे नंतर भेटले. तानशाला."

अशा माणसाच्या हातून किती लेखन झालं असेल? काहीही नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात अर्धवट लेखांची चळत होती. प्रत्येकात एखादा संदर्भ बघायचा राहिलेला असायचा, आणि तो बघितल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही असा त्यांचा खाक्या. प्राचार्य कळवळून म्हणायचे, "अहो सर, कॉलेजची तपासणी व्हायची आहे. प्राध्यापकांच्या प्रकाशनांचा रकाना असतो. तुमच्या नावापुढं मी काय लिहू?" सर म्हणायचे, "खरं ते लिहा. काही नाही म्हणून."

मग दोन हजार साल उलटून गेलं आणि मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ दिनेशनं संगणक केंद्र काढलं.

दिनेश आमचाच जुना विद्यार्थी, हुशार आणि उद्योगी. आमच्या पोरांचे प्रकल्प टाइप करून द्यायचं काम त्याच्याकडे होतं, आणि दुकानावर त्यानं पाटी लावली होती : 'टायपिंगसोबत संदर्भसूची मोफत'. त्या वर्षी सरांसमोर प्रकल्पांचा गठ्ठा आला. पहिला बचत गटांवर, दुसरा आठवडी बाजारावर, तिसरा शेळीपालनावर. तिन्हींच्या शेवटी एकच लेखक, एकच साल, आणि तिन्ही ठिकाणी पान सत्तेचाळीस. सरांचे डोळे लकाकले. "बाई, हा मोठा माणूस दिसतोय. शेळ्यांपासून बाजारापर्यंत सगळं एका पानात बसवलंय. आणि मला हा अजून भेटलेला नाही!"

ते सुट्टी काढून मुंबईला गेले. एका मोठ्या ग्रंथालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. परत आले ते घामानं भिजलेले आणि प्रसन्न. "बाई, तो लेखक आहे. पण त्यानं आयुष्यभर फक्त संतवाङ्मयावर लिहिलंय. शेळीचा उल्लेख कुठंही नाही." आणि शनिवारी मला जबरदस्तीनं बरोबर घेऊन ते मुरबाडला दिनेशकडे गेले.

दिनेशनं आम्हाला पंख्याखालची खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपली करामत मोठ्या अभिमानानं दाखवली. जेवढे प्रकल्प त्यानं टाइप केले होते, तेवढ्यांच्या मागच्या पानांवरची लेखकांची नावं त्यानं एका रकान्यात भरून ठेवली होती. आता नवीन विषय टाकायचा, बटण दाबायचं. संगणक एकेक लेखक उचलणार, त्याच्यापुढे विषयाचं नाव घालून पुस्तकाला किंवा लेखाला शीर्षक देणार, मग पुणे, मुंबई, नागपूर यातलं एक गाव आणि एक साल. झाली सूची, तीही बाराखडीप्रमाणे लावलेली.

"आणि पान सत्तेचाळीस?" सरांनी विचारलं.

"ते एकदा टाकलं, ते तसंच ऱ्हायलं सर."

सर खुर्ची पुढं ओढून बसले. "मी विषय सांगू का?"

"सांगा ना सर."

"आपल्या कॉलेजची घंटा."

दिनेशनं टाइप केलं. बटण दाबलं. छपाईयंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला. पहिल्याच ओळीत एका नामांकित समाजशास्त्रज्ञाचा लेख होता : 'शहापूर तालुक्यातील कॉलेजची घंटा : स्वरूप आणि बदल', नागपूर. त्याखाली घंटेवरची आणखी दहाबारा पुस्तकं. सर हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा कागद वाचला, पुन्हा हसले. दिनेशही हसायला लागला, कारण सरांना आपलं काम आवडलं असा त्याचा समज झाला.

मग सर शांत झाले. म्हणाले, "दिनेश, ही माणसं कोणालाच भेटलेली नाहीत रे. त्यांनी हे लिहिलेलंच नाही."

"पण सर, मागची पानं बघतं कोण?"

"मी बघतो."

"तुमी सोडून?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. परतीच्या वाटेवर सरळगाव गेलं, किन्हवली गेली, तरी ते घंटेचा कागद वाचतच होते. मग तो त्यांनी स्टाफरूमच्या सूचनाफलकावर टाचून ठेवला, आणि घंटा देणाऱ्या आमच्या शिपाईमामांना त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला सक्त मनाई. आणि नेमकी तेव्हाच, सरांच्याच मार्गदर्शनाखाली केलेली, वनिताची एम.ए.ची प्रबंधिका सादर व्हायची होती.

वनिता किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावातली, भातशेतीवाल्या घरातली. मुरबाडच्या एका ज्युनियर कॉलेजात तासावर शिकवायची. तिथं कायमची जागा निघाली होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, गणपतीपर्यंत एम.ए.चा निकाल दाखव, जागा तुझी. नाहीतर दुसरा उमेदवार रांगेत होताच. घरात कायमच्या नोकरीवर लागणारी ती पहिलीच असणार होती, आणि तिच्या विषयावर तर सर बेहद्द खूश होते. विषय होता सावड. भाताच्या आवणीला एकटं घर पुरत नाही, म्हणून आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात रोपं लावायची, उद्या माझ्या. पैशाची देवाणघेवाण नाही. कोणाचा किती दिवस कोणाकडे राहिला, ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि तो दिवस फेडावाच लागतो.

सरांच्या डोळ्याला त्रास नको म्हणून तिनं शेवटची प्रत त्यांना दाखवली नाही. प्राचार्यांनी सरांच्या वतीनं सही केली. प्राचार्य सही करताना फक्त सहीची जागा बघायचे.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या. नावाजलेल्या, कडक, आणि खरोखर वाचून आलेल्या. सर हिरवी पट्टी लावून कोपऱ्यात बसले होते. मीही होते, कारण सरांना हाताला धरून आणायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी वनिताचं कौतुक केलं. तिसरं प्रकरण, सावड कशी ठरते, कशी फेडतात, कोण चुकवतं आणि चुकवणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना इतकं आवडलं होतं, की त्यांनी पानं दुमडून आणली होती. मग त्या सरांकडे वळल्या. "सर, याचं बरंचसं श्रेय तुमचं. हे सगळं तुमच्याच लेखावरून घेतलंय. 'शहापूर तालुक्यातील सावड : स्वरूप आणि बदल'. मी या विषयावर लिहिलेलं किती दिवस शोधतेय. मला एक प्रत मिळेल का?"

प्राचार्यांचा चेहरा उजळला. तपासणीचा रकाना त्यांच्या डोळ्यांसमोर भरत होता. "आमचे सर फार संकोची आहेत," ते घाईघाईनं म्हणाले. "बोलत नाहीत, पण आतून सारखं चालू असतं."

सर उठले. एका डोळ्यानं त्यांनी आधी बाईंकडे, मग वनिताकडे बघितलं. "हा माणूस मला चांगला माहीत आहे," ते म्हणाले. "त्यानं असं काहीही लिहिलेलं नाही."

वनिता पांढरीफटक पडली.

काय झालं होतं ते नंतर उलगडलं. आमची भेट दिनेशच्या फार मनाला लागली होती, चांगल्या अर्थानं. एवढा मोठा माणूस आपल्या दुकानात आला, आपल्या कामावर पोट धरून हसला, म्हणून आदरानं त्यानं लेखकांच्या रकान्यात सरांचं नाव भरून टाकलं होतं. अगदी वरती. वनितानं विषय सांगितला, बटण दाबलं गेलं, आणि बाकीच्यांबरोबर सरही लेखक झाले. तिला शंका यायचं कारणच नव्हतं. आपले सर स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत.

बाई म्हणाल्या, "मग हे तिसरं प्रकरण आलं कुठून?"

वनिता रडू आवरत म्हणाली, "मॅडम, ते सगळं खरं हाये. माझ्या चुलतीनं सांगितलंय. आनि आमच्या आळीतल्या बायांनी. पण त्यांचं नाव कसं लिहिनार? त्या काय शिकलेल्या नाय. मंग सरांचा लेख दिसला, मला बरं वाटलं. म्हटलं, आता याला वजन येईल. आता माजं कसं व्हायचं?"

मला तेव्हा रडू आलं, हे सांगायला मला संकोच नाही. त्या मुलीनं खरी माणसं लपवली आणि खोटा लेख पुढं केला, तेही वजनासाठी. आम्ही शिक्षकांनीच तिला शाळेपासून पंधरा वर्षं शिकवलं होतं, की पुस्तकात छापलेलं तेवढंच खरं.

सर हळूच म्हणाले, "वनिता, चुलती भेटली का तुला?"

"म्हंजे? रोजच भेटते, सर."

"मग तिचं नाव लिही. गाव लिही, कुठं बसून बोललात ते लिही. यातलं जे जे तुला कोणाकडून मिळालं, त्याच्यापुढं ज्यानं सांगितलं त्याचं नाव. बाकीची सगळी नावं खोड. माझं आधी."

बाईंनी निकाल राखून ठेवला. सूची नव्यानं करायची, आणि त्या बायकांशी खरंच बोलणं झालंय असं मार्गदर्शकानं स्वतः खात्री करून लिहून द्यायचं. तसं आलं, तर त्या गणपतीआधी निकाल लावतील. मार्गदर्शकानं स्वतः खात्री करायची! आमच्या सरांना याहून गोड शिक्षा काय असणार? मी मनात म्हटलं, बाई, तुम्हाला माहीत नाही तुम्ही कोणाला काय सांगताय.

पट्टी सुटली त्याच आठवड्यात आम्ही किन्हवलीच्या गाडीत बसलो. ती किन्हवलीला जाते याची खात्री करूनच. पुढं चालत. जुलै महिना, आवणी ऐन भरात. वनिताच्या घराला कुलूप. सगळे खाचरात. बांधावर उभं राहून सरांनी हाक मारली, "भागीरथीबाई कोण?"

वाकलेल्या बायकांतून एक डोकं वर आलं. वनिताची चुलती. डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ, हातात रोपांची मूठ. "मी हाय. काय पायजे?"

"मला तुमच्याशी सावडीबद्दल बोलायचंय. वनितानं तुमचं नाव दिलंय."

"आता बोलायला टाइम नाय, सर. आज हे खाचर उरकायचंय. बोलायचं आसंल तं उतरा खाली. वाकून बोला."

बाकीच्या बाया खुसुखुसू हसल्या. मला वाटलं सर आता बांधावर बसून वाट बघतील. त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चष्मा माझ्याकडे दिला आणि चिखलात उतरले. नुकतं ऑपरेशन झालेला माणूस! मी ओरडले, "सर, डोळा!" ते म्हणाले, "डोळा वरती आहे बाई, चिखल खाली."

संध्याकाळपर्यंत ते त्या बायकांच्या ओळीत वाकून चालले. एकेकीला नाव विचारायचे, वनिताशी कधी बोललीस, काय सांगितलंस, ते विचारायचे आणि रोपं खोचायचे. बायकांनाही रंग चढला. सावड चुकवणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितली. सरांनी तिघींची नावं निरनिराळी लक्षात ठेवली. निघताना त्यांना धड उभं राहता येईना, पण चेहरा असा, की जणू सगळी ग्रंथालयं एका दिवसात बघून झाली.

त्यांनी लावलेल्या ओळीबद्दल काय बोलावं? पुढं गेलेलं रोप मागं, मागचं पुढं, काही आडवी, काही पाण्यावर तरंगणारी. आम्ही बांध ओलांडेपर्यंत बायकांनी दम धरला आणि मग सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. वनितानं मला हे नंतर सांगितलं आणि शपथ घातली, की सरांना कळता कामा नये.

सरांनी खात्रीचं पत्र लिहून दिलं. वनिताच्या नव्या सूचीत पुस्तकं मोजकीच राहिली, ती तिनं सगळी हाताळलेली, आणि त्यांच्यानंतर त्या बायकांची नावं, गावासकट. बाईंनी शब्द पाळला. गणपती बसायच्या आधी निकाल लागला आणि वनिताला जागा मिळाली. पेढे घेऊन ती आटगावला आली तेव्हा सरांनी पेढा तोंडात टाकण्याआधी नेमणुकीचं पत्र मागितलं आणि खालची सही बघितली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण गणपतीनंतरच्या एका रविवारी आटगावच्या त्या दोन खोल्यांपुढे बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढं भागीरथीबाई. मी वहिनींना वाती करायला मदत करत होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"सर, तुमचा एक दीस आमच्याकडं ऱ्हायलाय. तो फेडायला आलोय."

सर गोंधळले. "पण मला शेत नाही हो."

"नसू दे. जे काम आसंल ते सांगा. दीस अंगावर ठेवनार नाय आमी."

वहिनींनी घरातल्या कामाची यादी मनात करायला सुरुवात केली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण सर आत गेले, कोरे कागद घेऊन आले आणि ओटीवर मांडी घालून बसले. "मग बसा," ते म्हणाले. "मला सावडीवर एक लेख लिहायचाय. पहिल्यापासून सांगा."

त्या दिवसभरात त्यांनी जे टिपून घेतलं, त्याचा लेख झाला. त्यांच्या आयुष्यातला पहिला आणि एकुलता एक. संदर्भ बघायचा राहिला, ही सबब चालणार नव्हती. सगळे संदर्भ समोर पाय पसरून बसले होते आणि चहा पीत होते. परीक्षक बाईंच्या ओळखीनं तो पुढच्या वर्षी एका त्रैमासिकात छापून आला. शीर्षक : 'शहापूर तालुक्यातील सावड : स्वरूप आणि बदल'. मी म्हटलं, "सर, हे तर यंत्रानं दिलेलं नाव." ते म्हणाले, "नाव बरं दिलंय. त्याचं श्रेय नको काढून घ्यायला." तळटीपेत त्यांनी मुरबाडच्या दिनेशचे आभार मानले होते. लेख आला तोवर तपासणी समिती येऊन गेली होती, आणि प्राचार्यांनी रकान्यात खरं तेच लिहिलं होतं.

सर निवृत्त झाले आणि आटगावलाच राहिले. त्यांच्या खुर्चीवर मी कोणाला बसू दिलं नाही, आणि मला कळायच्या आत प्रकल्प मागून बघायची सवय मलाही लागली. असाच एक प्रकल्प काही वर्षांनी जुलैत माझ्या हातात आला, गावातल्या बदलत्या कामांवरचा. मुलगी बुजरी. सूची संगणकातून आलेली, हे बघताक्षणी कळत होतं. तिच्यात सरांचा लेख होता. लेखकाचं नाव बरोबर. शीर्षक बरोबर. साल मात्र दिनेशच्या यंत्रानं पूर्वी टाकलेलंच, सरांनी लेख लिहायच्या आधीचं. आणि पान सत्तेचाळीस.

मी चष्म्यावरून बघितलं. "हे भेटले का तुला?"

"लेखक नाय भेटले, मॅडम," ती म्हणाली. "पण त्यात पहिलं नाव हाये ना, भागीरथीबाई, ती माझी आजी. लेख मी तिला वाचून दाखवला. ती लय हसली. म्हने, सरांनी लावलेली रोपं आमी मागनं सगळी उपटून परत लावली, ते काय यात लिव्हलं नाय."

मी तिला साल आणि पान दुरुस्त करायला सांगितलं. तिला पूर्ण गुण दिले, आणि संध्याकाळी घरी येऊन सरांना फोन लावला. शपथेला इतकी वर्षं झाली होती, आता काय बिघडतंय, असं मला वाटलं. हसत हसत मी त्यांना सगळं सांगितलं.

"सगळी उपटली?" सरांनी विचारलं.

"सगळी, सर. रागावलात का?"

"नाही हो." ते म्हणाले, "बाई, म्हणजे माझा तो दिवस धरता येत नाही. काम मी केलंच नाही. आणि त्या तर येऊन अख्खा दिवस देऊन गेल्या. त्यांचा दिवस माझ्याकडे राहिलाय, इतकी वर्षं."

"सर, तुमचं वय काय, आता कुठं..."

"आवणी सुरू झाली असेल ना?" ते म्हणाले. "उद्या सकाळी किन्हवलीला गाडी किती वाजता आहे, ते स्टँडवर विचारा. आणि खरंच जाते का, तेही विचारा."